अर्ध्या नावाचा दगड

आमच्या वसईच्या वाडीत विहिरीपाशी धुण्याचा एक दगड होता. काळसर, एका कडेला फुटलेला, साबणाच्या पाण्याने गुळगुळीत झालेला. आजीने आयुष्यभर त्याच्यावर कपडे आपटले, मग आईने, आणि शाळेला सुट्टी असली की मीही. मी नववीत असताना पपांनी पंपासाठी कोबा करायला घेतला आणि गड्यांनी पहारीने तो दगड उलटा केला. खालच्या बाजूला अक्षरं होती. पपांनी बादलीभर पाणी ओतलं, बोटाने खाचांतला चिखल काढला. फुटक्या कडेला लागून वाचता आलं ते एवढंच: ‘सिस’. त्याखाली ‘आत्म्यास शांती’. तारखेची जागा झिजून सपाट झालेली.

आजीने क्रुसाची खूण केली. “फ्रान्सिस असणार,” ती म्हणाली. “आपल्याकडे काय कमी फ्रान्सिस झाले?” त्या दिवशी तिने घरात कोणालाच कपडे धुऊ दिले नाहीत. मी वहीचं पान फाडून त्या अक्षरांवर ठेवलं आणि पेन्सिल आडवी धरून घासली. काळ्या पानावर पांढरी अक्षरं उमटली. का केलं ते माहीत नाही. नाण्यावर कागद ठेवून घासायचा खेळ तेव्हा आम्ही खेळायचो, त्यातलंच ते असावं.

पपांनी दगड हातगाडीवर घालून दफनभूमीत नेऊन दिला. तिथल्या माणसांनी तो भिंतीला टेकवून ठेवला. पुढे चारेक वर्षांनी ती भिंत दुरुस्त झाली, तेव्हा पायात भरायला डबर कमी पडलं म्हणून आजूबाजूचे सगळे फुटके दगड आत गेले. आमचाही गेला. कोणाचा हेतू वाईट नव्हता. पण पपा त्या रविवारी मिस्सा संपल्यावर भिंतीपाशी बराच वेळ उभे राहिले होते, ते मला आठवतं.

हे सगळं सांगायचं कारण, रोममधल्या ज्या माणसाविषयी मला लिहायचं आहे त्याची गोष्टही पायाखाली गेलेल्या अशाच एका दगडापासून सुरू होते.

मी मुंबईच्या झेवियर्स कॉलेजला शिकत होते. त्या कॉलेजात हेरास इन्स्टिट्यूट आहे. स्पेनहून आलेले जेजुइट, म्हणजे येशूसंघाचे, फादर हेन्री हेरास यांनी 1926 मध्ये ती सुरू केली, आणि भारताच्या जुन्या इतिहासाच्या खुणा, मूर्ती, नाणी, ग्रंथ तिथे जमवले. तिथल्या वाचनालयात बसून एका जाडजूड इंग्रजी कोशाची पानं चाळताना मला पुरातत्त्वाचे अभ्यासक जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी यांचं नाव पहिल्यांदा भेटलं. दोन परिच्छेद वाचले आणि पुस्तक तसंच उघडं ठेवून बसून राहिले.

दे रोस्सींचा जन्म रोमचा, 1822 सालचा. शिक्षण कायद्याचं, पण त्यांचा जीव लहानपणापासून जमिनीखालच्या रोममध्ये अडकलेला. अकराव्या वर्षी वडिलांनी त्यांना अंतोनिओ बोसिओंचा ग्रंथ भेट दिला, असं सांगतात. अकरा वर्षांच्या मुलाला कबरींवरचा ग्रंथ! बोसिओंविषयी आधी दोन शब्द सांगायला हवेत.

रोमभोवतीच्या रस्त्यांच्या कडेला मऊ ज्वालामुखी दगड आहे, तूफा म्हणतात त्याला. खोदताना तो सुरीने कापावा तसा निघतो आणि हवा लागली की घट्ट होतो. पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी या दगडात मैलोन् मैल बोळ खोदले. बोळांच्या दोन्ही भिंतींत एकावर एक खण, फळ्यांवर भांडी रचावीत तसे. एकेका खणात एकेक माणूस, वर संगमरवराची पाटी नाहीतर विटा, आणि चुन्याने बंद केलेली फट. ही कॅटाकोम्ब. आठव्या-नवव्या शतकात पोपांनी रक्तसाक्ष्यांच्या, म्हणजे श्रद्धेपायी जीव दिलेल्यांच्या, अस्थी शहरातल्या चर्चमध्ये हलवल्या, तशी इकडे येणाऱ्यांची वर्दळ थांबली. दारं मातीने बुजली, वर द्राक्षांचे मळे झाले. कोणाची कबर कुठे, हे सात-आठ शतकं लोक जवळजवळ विसरून गेले. 31 मे 1578 रोजी सालारिया रस्त्याशेजारी बांधकामाची माती काढताना कामगारांना एक बोळ लागला आणि सगळं रोम बघायला धावलं.

बोसिओ त्यानंतरच्या पिढीचे. 10 डिसेंबर 1593 रोजी ते पहिल्यांदा दोमितिल्लाच्या कॅटाकोम्बमध्ये उतरले आणि वाट चुकले. मेणबत्त्या संपत आल्या. पुढे त्यांनी लिहून ठेवलं की तेव्हा त्यांना भीती वाटली ती आपल्या क्षुद्र देहाने रक्तसाक्ष्यांची ती जागा विटाळेल याची. मी हे वाचलं तेव्हा मला कपडे धुवायला मना करणारी आजी आठवली.

बोसिओंचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला. दुर्दैव असं की त्यानंतर कॅटाकोम्बमध्ये उतरलेले बहुतेक लोक अभ्यासाला उतरले नाहीत. ते अस्थी न्यायला उतरले. युरोपातल्या चर्चना संतांचे अवशेष हवे होते. पाटीवर खजुराची डहाळी कोरलेली असली, खणाबाहेर चुन्यात लाल डाग पडलेली काचेची कुपी बसवलेली असली, की आतला माणूस रक्तसाक्षी, असं ठरवलं जाई. 1668 मध्ये रोमच्या धर्मखात्याने या दोन खुणा ग्राह्य धरल्या. मग खण फुटले, पाट्या निघाल्या, काही हरवल्या, काही संग्रहांत गेल्या, काही फरशीला लागल्या. त्यांपैकी कित्येक डहाळ्या साध्या विसाव्याच्या खुणा होत्या आणि कुप्या बहुधा सुगंधी तेलाच्या. हे सगळं भक्तीने झालं. चोरांनी केलं असतं तर कदाचित थोडं कमी झालं असतं, कारण चोराला घाई असते आणि माणसं दिसली की तो पळतो.

दे रोस्सी या उद्ध्वस्त घरात शिरले तेव्हा विशीत होते. त्यांना हात धरून नेणारे होते फादर जुझेप्पे मार्की, जेजुइट. तोवर अनेकांना वाटत असे की हे बोळ म्हणजे रोमनांच्या जुन्या वाळूच्या खाणी, ख्रिस्ती लोकांनी त्या आयत्या वापरल्या. खाणीला गाडी फिरेल इतकी रुंद वाट लागते, हे बोळ तर माणसाच्या खांद्याएवढे. ते मुद्दाम दफनासाठीच खोदलेत, हे मार्कींनी दाखवून दिलं. गुरू-शिष्य खाली उतरायचे, वर यायचे, वाद घालायचे. वादाचा मोठा मुद्दा हा की कोणतं कॅटाकोम्ब कोणतं?

कारण नावांचाच घोळ होता. अप्पिया रस्त्यावर संत कॅलिक्स्टसचं कॅटाकोम्ब असल्याचं जुन्या कागदांत येतं. तिसऱ्या शतकातले पोप तिथे पुरलेले. लोक ती जागा कित्येक पिढ्या संत सेबास्तियनच्या चर्चखाली दाखवत. संत सेसिलियाची कबर इथे होती, अशी पाटीही तिथे लावलेली. दे रोस्सींना ते पटेना. ते व्हॅटिकनच्या ग्रंथालयात लेखनिक होते, म्हणजे दिवसभर जुन्या हस्तलिखितांची यादी करण्याचं काम. त्या कामात सातव्या शतकातल्या यात्रेकरूंच्या वाटाड्या पोथ्या त्यांना भेटल्या. एक साल्झबर्गच्या नावाने ओळखली जाते, एक बाराव्या शतकातल्या माम्सबरीच्या विल्यमच्या इतिहासात तशीच उतरवून घेतलेली. आपल्याकडे पंढरीच्या वाटेवरचे मुक्काम सांगावेत तशी त्यांची भाषा: अमक्या दरवाजातून बाहेर पड, रस्त्याच्या उजव्या हाताला अमका, पुढे तमका. दे रोस्सींनी त्या पोथ्या हातात घेऊन अप्पियावर पावलं मोजली आणि ठरवलं की कॅलिक्स्टस सेबास्तियनपाशी नाही, त्याच्या बराच अलीकडे, शहराच्या बाजूला आहे. तिथे तेव्हा द्राक्षमळा होता.

1849 मध्ये त्या मळ्यात त्यांना संगमरवराचा एक तुकडा दिसला. पायरी म्हणून तो वापरला होता, असं बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं. तुकड्यावर लॅटिन अक्षरं: ‘नेलियस मार्टिर’. पुढचा भाग तुटलेला. ‘नेलियस’वर संपणारं, रक्तसाक्षी ठरलेलं, या वाटेवर पुरलेलं नाव कोणतं? पोप कॉर्नेलियस. इ.स. 251 ते 253 ते पोप होते आणि हद्दपारीत वारले. वाटाड्या पोथ्यांत त्यांची कबर कॅलिक्स्टसच्या जवळच सांगितली होती.

मळा विकत घ्या म्हणून दे रोस्सी पोप नववे पायस यांच्याकडे गेले. ही पुराणवस्तूवाल्यांची स्वप्नं आहेत, असं पोप आधी म्हणाले म्हणतात. पण मळा घेतला गेला. 6 जानेवारी 1852 रोजी पोपांनी कॅटाकोम्बच्या देखभालीसाठी एक कायमचं आयोग नेमलं. त्याच वर्षी बुजलेले बोळ मोकळे करताना एका रिकाम्या कबरीपाशी संगमरवराचा दुसरा तुकडा मिळाला. त्यावर ‘कोर’.

तीन वर्षं. मी ते ‘कोर’ आणि ‘नेलियस’ एकमेकांना लागलेले फोटोत पाहिले आहेत. मध्ये तुटीची रेघ आहे, वाकडी, आणि ती कोणी झाकलेली नाही.

दोन वर्षांनी, 1854 मध्ये, याच जमिनीखाली पोपांचं दालन सापडलं. छत कोसळून मातीने भरलेलं. आत जायच्या दारापाशी भिंतीच्या चुन्यावर यात्रेकरूंनी टोकदार काहीतरी घेऊन खरवडलेली नावं आणि प्रार्थना होत्या, एकावर एक, गिचमिड. वसईच्या किल्ल्यात कोणी असं नाव कोरलेलं दिसलं की मला राग येतो. दे रोस्सींनी मात्र त्या गिचमिडीतूनच ओळखलं की आत कोणीतरी फार मोठं माणूस आहे. जिथे माणसं दाटीवाटीने थांबली तिथेच भिंत अशी भरते. आत अंतेरुस, फाबियानुस, लुकियुस, युतिकियानुस अशी चार पोपांची नावं ग्रीक अक्षरांत निघाली. मातीत संगमरवराचे शंभराहून अधिक बारीक तुकडे विखुरले होते. ते जोडले, आणि चौथ्या शतकातले पोप दामासुस यांनी इथे लावलेली कविता उभी राहिली.

ती जोडता आली ती ग्रंथालयामुळे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मध्ययुगात कुणा यात्रेकरूने ती कविता पाहून उतरवून घेतली होती आणि ती नक्कल हस्तलिखितांत जिवंत राहिली होती. दे रोस्सींना शब्द आधीच ठाऊक होते, दगड नंतर आला. दामासुस यांच्या पाट्या फिलोकालुस नावाच्या एका लेखनकाराने घडवलेल्या अक्षरांत आहेत, देखण्या, टोकांना नाजूक वळणं असलेल्या. ते वळण ओळखीचं असल्याने कुठल्याही ढिगाऱ्यातून तो तुकडा वेगळा काढता यायचा.

कवितेत दामासुस सांगतात की इथे संतांचा मेळा एकत्र पहुडला आहे, आणि शेवटी कबूल करतात: मलाही इथेच विसावायचं होतं, पण या पुण्यवंतांच्या राखेला धक्का लावायची भीती वाटली. चौथ्या शतकातल्या पोपची ही भीती, सोळाव्या शतकात वाट चुकलेल्या बोसिओंची ती भीती, आणि विहिरीपाशी उभी असलेली आमची आजी.

11 मे 1854 रोजी पोप पायस स्वतः खाली उतरले. दे रोस्सींनी त्यांच्या हाती त्यांच्याच पूर्वसूरींची नावं कोरलेले तुकडे दिले. हे खरंच त्यांच्या कबरींवरचे का, असं विचारताना पोपांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं सांगतात.

इथवरचं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. मला त्यांच्या पुढच्या चाळीस वर्षांविषयी जास्त ओढ आहे. एकदा मोठा शोध लागला की माणूस त्याच्यावर आयुष्य काढतो. हे मात्र कामाला बसले. ‘रोमा सोत्तेर्रानेआ’चे तीन मोठे खंड 1864, 1867 आणि 1877 मध्ये आले. 1863 पासून ते ख्रिस्ती पुरातत्त्वाची पत्रिका काढत राहिले, ती जवळजवळ मरेपर्यंत. रोमच्या ख्रिस्ती शिलालेखांचा पहिला खंड 1861 मध्ये आला. त्यात तारीख सांगता येणारेच लेख घेतले आहेत. तारीख पक्की असलेल्या लेखांवरून अक्षरांचं वळण, खुणा, शब्द कसे बदलत गेले ते बांधायचं, आणि मग त्या मापाने तारीख नसलेल्यांकडे वळायचं, असा तो क्रम.

त्यांचे धाकटे भाऊ मिकेले स्तेफानो भूगर्भाचे अभ्यासक. बोळांचे नकाशे त्यांनी काढले, त्यासाठी स्वतः एक यंत्र घडवलं, आणि कोणता बोळ आधी खोदला, कोणता नंतर, हे दगडाच्या थरांवरून सांगितलं. भूकंपाची तीव्रता मोजायची रोस्सी-फोरेल श्रेणी ज्यांनी वाचली असेल त्यांना हे ओळखीचं वाटेल, त्यातले रोस्सी ते हेच. एक भाऊ पोथ्या वाचतोय, दुसरा जमीन, आणि संध्याकाळी दोघे एका टेबलाशी बसत असतील, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतं.

प्राचीन रोमच्या लॅटिन शिलालेखांचा प्रचंड संग्रह बर्लिनहून निघत होता. त्याचे धुरीण थिओडोर मोमसेन प्रोटेस्टंट पाळकाचे चिरंजीव आणि मतांनी उदारमतवादी. दे रोस्सी पोपनिष्ठ कॅथलिक. 20 सप्टेंबर 1870 रोजी इटलीच्या सैन्याने पोपांच्या ताब्यातलं रोम घेतलं, त्यानंतर पोपनिष्ठ आणि इतर यांच्यात बोलणं-चालणंही अवघड झालेलं. या दोघांची मैत्री मात्र टिकली, आणि रोम शहराच्या शिलालेखांच्या खंडावर दे रोस्सींनी विल्हेल्म हेंत्सेन यांच्याबरोबर काम केलं. दगडावरचं अक्षर कसं वाचायचं यात कॅथलिक वाचन आणि प्रोटेस्टंट वाचन असं काही नसतं, यावर दोघांचाही भरवसा होता. दे रोस्सींची श्रद्धा गाढ होती. पण कॅलिक्स्टसची जागा त्यांनी परंपरेला मुरड घालून ठरवली, धर्मस्थळावर पाटी असताना. ती पाटी खोटी आहे असं म्हणायला श्रद्धावान माणसाला जास्त धैर्य लागतं, कारण ज्यांना दुखवायचं ती आपलीच माणसं असतात.

ते चुकलेही. काही कॅटाकोम्ब त्यांनी पहिल्या शतकापर्यंत मागे नेली. पुढच्या संशोधकांनी ती दुसऱ्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर आणून ठेवली. प्रेषितांच्या काळाला हात लागावा ही ओढ त्यांनाही होती, असं मला वाटतं. मी त्यांना दोष देत नाही. ‘सिस’ म्हणजे फ्रान्सिसच, असं आजी किती पटकन म्हणाली होती.

आता संग्रहालय. मला अस्वस्थ करणारा भाग हाच.

1854 मध्ये पोप पायस यांनी लातेरान राजवाड्यात ख्रिस्ती संग्रहालय सुरू केलं. शवपेट्या मार्कींनी मांडल्या, शिलालेखांची भिंत दे रोस्सींनी. संग्रहालय होतं ते जागेवरून आधीच उखडलेल्या, पुन्हा जागेवर नेता न येणाऱ्या वस्तूंसाठी. जागेवर जे सापडेल ते जागेवरच राहू द्यायचं, हा दे रोस्सींचा आग्रह. कॅलिक्स्टसमधले पोपांचे दगड म्हणूनच आजही दालनात आहेत, काचेच्या कपाटात नाहीत. 1878 मध्ये मात्र दे रोस्सी व्हॅटिकन ग्रंथालयातल्या ख्रिस्ती संग्रहालयाचे प्रमुख झाले. अठराव्या शतकात पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी स्थापलेलं हे संग्रहालय. त्यात दिवे, मुद्रा, हस्तिदंत आणि सोनेरी काच. ही सोनेरी काच म्हणजे पेल्यांचे नाहीतर वाट्यांचे तळ: दोन काचांच्या मध्ये सोन्याचा वर्ख, त्यात कापून काढलेली चित्रं. नवराबायको, संत पेत्र आणि पौल, योना, एखादा मेंढपाळ.

या काचा कॅटाकोम्बमध्ये कशा आल्या? खण बंद करताना चुना ओला असे, तेव्हा घरचे लोक त्यात काहीतरी दाबून ठेवत. पेल्याचा तळ, नाणं, शिंपला, लहान मूल असेल तर त्याचं खेळणं. पाटीला पैसे नसले, लिहिता-वाचता येत नसलं, तरी पुढच्या खेपेला अंधारात दिवा धरून आलं की आपलं माणूस कुठे आहे ते त्या चकाकीवरून कळावं म्हणून. अक्षराविना लिहिलेलं नावच ते. नंतरच्या लोकांनी काच सुंदर दिसली म्हणून ती खरवडून काढली आणि संग्रहात नेली. काच जपली गेली, खण निनावी झाला. अशा शेकडो काचांची देखरेख करायचं काम ज्याच्याकडे आलं, त्याला चुन्यातली रिकामी गोल खळगी आयुष्यभर दिसत आलेली होती. सकाळी बोळात ती खळगी, दुपारी कपाटात ती काच. दोन्ही बघून त्यांना काय होत असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

शिलालेखांच्या भिंतीवर मोठ्यांचे लेख थोडे, साध्यांचेच जास्त. या लेखांत वय किती बारकाईने लिहितात! इतकी वर्षं, इतके महिने, इतके दिवस. लहान मुलांच्या पाट्यांवर तर हमखास. ज्यांनी दिवस मोजले त्या आईबापांची नावं बहुतेक वेळा त्याच पाटीवर असतात. ‘शांतीत’ हा एक शब्द, कबुतर, नांगर, मासा. व्याकरणाच्या चुका पुष्कळ, कारण कोरणारा गवंडी आणि सांगणारा कामकरी. दे रोस्सींनी त्या चुका दुरुस्त न करता जशाच्या तशा छापल्या. अशुद्ध लॅटिन म्हणून ज्या पाट्या आधीच्या संग्राहकांनी टाकून दिल्या असत्या, त्यातूनच रोमचा सामान्य माणूस कसा बोलायचा हे कळलं.

लातेरानचं संग्रहालय पुढे त्यांचे शिष्य ओराझिओ मारुक्की यांनी सांभाळलं. 1963 मध्ये पोप तेविसावे योहान यांनी ते व्हॅटिकनला हलवलं आणि 1970 मध्ये ते तिथे लोकांसाठी उघडलं. पिओ क्रिस्तिआनो म्हणतात त्याला.

आठ वर्षांपूर्वी आम्ही वसईहून पंचेचाळीस जण रोमच्या यात्रेला गेलो. कॅलिक्स्टसमध्ये ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भाषेच्या गटाबरोबर खाली नेतात. मेच्या उन्हातून जिना उतरलो तसा गारवा आला, आमच्या विहिरीच्या तळाशी उतरल्यावर यायचा तसा. पुढच्या बाई जपमाळ हातात घेऊन हळू आवाजात म्हणत होत्या. बोळात दोन्ही खांदे भिंतींच्या जवळ. खण बहुतेक उघडे, रिकामे. काही इतके लहान, की हात पसरला तर एका वितीत मावतील.

पोपांच्या दालनात आम्ही चार-पाच मिनिटं थांबलो. मी दामासुसची पाटी शोधली. जोडलेले तुकडे वेगळे दिसतात, मधला भाग नंतर भरलेला, आणि खऱ्या तुकड्यांची अक्षरं खोल. फिलोकालुसच्या त्या नाजूक टोकांवर दिव्याचा उजेड पडला होता. लॅटिन येत नसताना मला फक्त ‘तिमुइ’ हा एक शब्द सापडायला हवा होता, ‘मला भीती वाटली’ या अर्थाचा. तो शोधेपर्यंत गट पुढे निघाला. आमच्या फादरनी मागे वळून हाक मारली, “बाई, चला, मागे राहाल.” आणि मी निघाले. बोसिओंइतकी माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी व्हॅटिकनच्या संग्रहालयात सगळ्यांना सिस्टीन चॅपेल गाठायचं होतं. पिओ क्रिस्तिआनो प्रवेशापासून फार लांब नाही, तरी तिकडे वळायला कोणी तयार नव्हतं. मी आणि गटातल्या एक निवृत्त परिचारिका, अशा दोघीच आत गेलो. खांद्यावर कोकरू घेतलेला तो तरुण मेंढपाळ तिथे आहे, चौथ्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपासचा, पुढे अठराव्या शतकात डागडुजी होऊन पुतळा झालेला. त्याच्यापुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “कोकराचे पाय किती घट्ट धरलेत बघा.” खरंच, दोन्ही हातांनी.

दे रोस्सी 20 सप्टेंबर 1894 रोजी कास्तेल गांदोल्फोला वारले. त्यांच्या रोमवर सैन्य आलं होतं तीच तारीख, बरोबर चोवीस वर्षांनी.

वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन चर्चच्या पडक्या मांडवाखाली जमिनीत पोर्तुगीज अक्षरांच्या कबरीच्या शिळा आहेत. लहानपणी शाळेच्या सहलीत आम्ही त्यांच्यावर बसून डबे खायचो. आता मी तिथे गेले की कडेकडेने चालते, आणि सोबत मुलं असली तर त्यांना एकेक अक्षर बोटाने गिरवायला सांगते. त्यांना ते आवडतं. चिखल भरलेली खाच मोकळी करण्यात मुलांना जो आनंद होतो तो मी पाहिला आहे.

पेन्सिलीने घासलेलं ते पान माझ्याकडे अजून आहे. शिलालेखवाले याला ठसा म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय, पण ‘सिस’ स्पष्ट आहे. ‘स’ची उभी दांडी खाली जरा उजवीकडे झुकलेली, कोरणाऱ्याचा हात तिथे घसरला असावा. दुसऱ्या कुठल्या तुकड्यावर तसा झुकाव दिसला, तर मी ओळखेन.

दरवर्षी 2 नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, घरचे पपांच्या आणि आजीच्या कबरीवर मेणबत्त्या लावतात, झेंडूच्या पाकळ्या टाकतात. ते आटोपलं की मी दफनभूमीच्या कडेने एक फेरी मारते. मागच्या वर्षी दक्षिणेच्या कुंपणापाशी गवतात एक दगड पालथा पडलेला दिसला. भाच्याला बोलावलं, दोघांनी मिळून तो उलटा केला. माती झटकली तर पहिली अक्षरं निघाली ‘फ्रा’. हात थरथरायला लागले. आणखी झटकलं. नाव पूर्ण होतं, पुढचं आडनाव आणि सालही होतं, दगड कुठेच तुटलेला नव्हता. वेगळेच फ्रान्सिस होते ते. आम्ही तो दगड अक्षरं बाहेरच्या बाजूला करून कुंपणाला उभा टेकवला, आणि उरलेली एक मेणबत्ती भाच्याने त्याच्यापुढे लावली.